'होय' लिहिल्यानंतरचे पाच महिने

मी घोरते, हे आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मला अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. लग्नाआधी जासईला असताना आई सकाळी चहा देताना कधीतरी म्हणायची, "काल बाप-लेकीची जुगलबंदी चालली व्हती." मी हसून सोडून द्यायचे. बाबांचं घोरणं सगळ्या आळीला ऐकू जायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण मुलगी घोरते, सून घोरते, हे चारचौघांत कुणी बोलत नाही. बाई घोरत नसते, 'दमलेली असते'. मीही स्वतःला दमलेली समजत होते.

मी वैमानिक आहे. ज्या काळाबद्दल लिहिते आहे, तेव्हा आठ वर्षं मी छोट्या, पंख्यांच्या प्रवासी विमानांवर को-पायलट म्हणून उडत होते आणि त्या वर्षाअखेरीस कॅप्टनच्या कोर्ससाठी माझा नंबर लागायचा होता. आम्ही रोडपालीला राहतो. नवरा संदीप कळंबोलीच्या ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. मुलगी ओवी तेव्हा पाच वर्षांची होती. पनवेलचा विमानतळ त्या वेळी फक्त बातम्यांत होता, त्यामुळे कंपनीची गाडी पहाटे येऊन मला मुंबईला घेऊन जायची.

त्या दिवसांत मी मराठीत खूप शोधलं. झोपेत श्वास अडकणाऱ्या वैमानिकाने, ड्रायव्हरने, कुणीतरी आपलं काय झालं ते लिहिलंय का? सापडलं नाही. म्हणून मी लिहायला बसले.

*

सकाळची भावनगरची फेरी होती. आकाश स्वच्छ, वारा बेताचा. विमान कॅप्टन माथुर चालवत होते, मी शेजारच्या सीटवर. उतरताना पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने उघडावे लागतात. चालवणारा सांगतो, शेजारचा उघडतो आणि उघडल्याचं तोंडाने बोलतो. आठ वर्षांत हे मी किती वेळा केलं असेल, त्याचा हिशेब नाही.

त्यांनी फ्लॅप मागितले. मी ऐकलं नाही.

माझे डोळे उघडे होते. खाली खाडीचं पाणी चकाकत होतं, ते मला आजही दिसतं. त्यांनी दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने मागितले, तेव्हा माझा हात हलला. दोन हाकांच्या मध्ये किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, फार तर चार. विमान नीट उतरलं. प्रवासी बॅगा काढून, हसून, नमस्कार करून उतरले. त्यांच्यातल्या एका आजींनी माझ्या गालाला हात लावला, "बेटी उडावे छे!" म्हणून. मला त्यांच्याकडे बघवेना.

विमान रिकामं झाल्यावर माथुर म्हणाले, "नींद पूरी हुई थी?"

"हां सर. पूरे आठ घंटे."

त्यांनी हेडसेट काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "यही तो बात है. पाँच घंटे बोलती, तो मैं कुछ नहीं कहता."

परतीच्या फेरीत मी एक क्षणही पाठ टेकली नाही. मुंबईला उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. या वेळी ते वर कळवणार नव्हते, पुन्हा झालं तर मात्र कळवणार होते. मी मान डोलावली. माझं वार्षिक मेडिकल सहा आठवड्यांवर आलं होतं.

मेडिकल म्हणजे काय ते सांगते. वैमानिकाची दर वर्षी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. 'फिट' असा कागद मिळाला तर उडायचं, नाहीतर लायसन्स कपाटात ठेवायचं. तपासणीच्या आधी एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक ओळ असते: घोरणे किंवा झोपेचा कोणताही विकार आहे का? आठ वर्षं मी तिथे न थांबता 'नाही' लिहीत आले होते.

*

शनिवारी दुपारी संदीप कोलंबी सोलत होता. मी ओट्याला टेकून उभी होते.

"संदीप, मी घोरते का रे?"

त्याचे हात थांबले. "थोडंफार. का?"

"थोडंफार म्हणजे किती?"

त्याने हात धुतले, पुसले, नॅपकिनची नीट घडी घातली. एवढा वेळ काढतोय म्हणजे काहीतरी आहे, हे मला कळलं.

"घोरण्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "मध्येच आवाज बंद होतो. तू श्वासच घेत नाहीस. मग मी तुला कुशीवर वळवतो, की पुन्हा सुरू होतं."

"कधीपासून?"

"ओवी झाल्यापासून."

"पाच वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुला त्या फॉर्मवर लिहावं लागलं असतं." तो अगदी शांतपणे, फळ्यावर गणित सोडवल्यासारखा बोलत होता. "तुला माहीत नाही तोवर तू 'नाही' लिहिलंस, तर ते खोटं होत नाही. म्हणून मी माझ्यापाशी ठेवलं."

मला राग आला. मी सत्तर माणसांना घेऊन उडते, असं काहीतरी मी ओरडले. तोही ओरडला, की त्या सत्तर माणसांच्या आधी तू झोपतेस की नाही, श्वास घेतेस की नाही, हे मी बघतो, रोज. ओवी बाहेरच्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली. कोलंबी त्या दिवशी तशीच फ्रीजमध्ये गेली.

आज कुणी मला विचारलं की या आजारात सगळ्यात वाईट क्षण कोणता, तर मी हाच सांगेन. माझ्याच शरीराचं गुपित माझ्यापासून लपवण्यात एका माणसाने पाच वर्षांची झोप घालवली होती आणि मी त्याच्यावर ओरडत होते.

*

जुन्या पनवेलमध्ये डॉ. जोगळेकरांचं छोटं हॉस्पिटल होतं. डॉक्टर साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मी आत जाताच म्हटलं, "पण मी जाड नाही." त्यांनी मला बाजूने वळायला सांगितलं आणि हनुवटीला बोट लावलं.

"जबडा मागे आहे तुमचा. घरात कुणी घोरतं?"

"बाबा."

"त्यांचाही असाच?"

मी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. असाच होता.

झोपेची तपासणी वरच्या मजल्यावर झाली. करुणाताई म्हणून उरणच्या कोळीवाड्यातल्या एक टेक्निशियन होत्या. त्यांनी माझ्या डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला. माझे हात गार पडले होते.

"ताई, तुमी ईमान चालवता ना?" त्या म्हणाल्या. "मंग या वायरींना काय भ्यायचा? यात करंट नाय."

"मला करंटची भीती नाही हो. कागदाची आहे."

"कागद डॉक्टर बाई लिवतात. तुमी फकस्त झोपा."

चार दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. माझा श्वास तासाला अकरा वेळा अडकत होता. "सौम्य आहे," त्या म्हणाल्या. "याहून कितीतरी वाईट बघते मी रोज. रात्री एक मशीन लावायचं. नाकातून हवेचा दाब देतं, गळा बंद होऊ देत नाही. तुम्हाला फरक पडेल."

सौम्य. हा शब्द ऐकून मी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग जिना उतरताना लक्षात आलं की फॉर्मवर 'सौम्य' लिहायला जागाच नाही. तिथे दोनच शब्द आहेत.

संदीपचं म्हणणं सरळ होतं. "मशीन लाव, बरी हो. या वर्षी 'नाही' लिही, कॅप्टनचा कोर्स होऊ दे. पुढच्या वर्षी सांग हवं तर. आठ वर्षं त्या डाव्या सीटसाठी थांबलीस ना तू?" डावी सीट म्हणजे कॅप्टनची.

"आता मला माहीत आहे, संदीप."

"मलाही पाच वर्षं माहीत होतं. काय झालं? काही झालं का?"

भावनगरचं मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या क्षणीही सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच झालं. तो माझ्यापासून लपवत होता आणि मी त्याच्यापासून.

*

त्या रविवारी मी एकटीच जासईला गेले. बाबा मिठागरात काम केलेले. मिठागर गेलं, तिथे कंटेनरचं यार्ड झालं, तेव्हापासून ते पडवीत खुर्ची टाकून समोरून जाणारे ट्रेलर बघत बसतात.

"मेडिकल कवा हाय तुजा?" त्यांनी विचारलं.

"या महिन्याच्या शेवटाला."

"मंग काय, तू पास होशीलच. आमच्या घरान कुनाला..." आणि वाक्याच्या मध्येच त्यांची मान खाली गेली. भर सकाळी, माझ्याशी बोलता बोलता. घोरणं सुरू झालं, तेच ते, लहानपणापासून ऐकलेलं. मला हसू आलं.

मग ते बंद पडलं.

छाती वर जायचा प्रयत्न करत होती, पण आत काही जात नव्हतं. ओठ मिटलेले. समोरून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला, तरी ते हलले नाहीत. मी मोजायला लागले. पाच. सहा. सात. मी उठून उभी राहिले. दहा. अकरा. माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला. चौदाला ते पाण्यातून वर आल्यासारखे जोरात श्वास ओढत जागे झाले.

"काय बोलत व्हतीस?"

"बाबा, तुमी झोपला व्हता."

"मी कुठं झोपलो? डोले मिटलेले."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. अशी चौदा सेकंदं संदीपने पाच वर्षं मोजली होती, हे मला तेव्हा कळलं. आणि माणूस किती खात्रीने 'मी जागा होतो' म्हणतो, तेही.

घरी येऊन मी संदीपला भावनगरची गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत. तो उठून फॉर्म घेऊन आला आणि त्याने तो माझ्यासमोर ठेवला. पेनही त्यानेच दिलं.

मी 'होय' लिहिलं.

*

मेडिकलला माझ्यासमोर एक वयस्क डॉक्टर होते. डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी सगळं झालं होतं. ते फॉर्मवर भराभर बरोबरच्या खुणा करत खाली आले आणि त्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंय?"

"हो सर." मी रिपोर्ट पुढे केला.

त्यांनी तो वाचला, पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. "सौम्य आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात हळहळ होती, ती मला आवडली नाही. "पण मला पर्याय नाही. तुम्हाला समजतंय ना? तीन महिने उपचार, मशीनची नोंद, मग जागं राहण्याची चाचणी, मग पुन्हा आमच्यासमोर यायचं. त्यानंतर काय होईल, ते आज कुणीच सांगू शकत नाही."

कागदावर त्यांनी लिहिलं: तात्पुरते अपात्र.

संदीप गाडी घेऊन बाहेर थांबला होता. मी बसले. कळंबोली सर्कलच्या ट्रकांच्या गर्दीत अडकलो, तेव्हा तो म्हणाला, "जेवलीस का?" मी रडायला लागले. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि संदीप गाडी पुढे घ्यायची विसरला होता.

*

उडणं बंद झालं की वैमानिकाचा दिवस फार मोठा होतो. रोडपालीवरून विमानं जाताना दिसतात. आवाजावरून मला कळायचं कोणतं विमान आहे ते, आणि मी पडदा लावून घ्यायचे. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कोर्सच्या तारखा, अभ्यासाचे कागद, एकमेकांना शुभेच्छा, हे रोज येत राहायचं. मी तो ग्रुप सोडला. कुणी विचारलं तर 'फोन बिघडलाय' म्हणायचे.

जासईला तर विचारूच नका. मला लायसन्स मिळालं तेव्हा गावाने नाक्यावर माझ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला होता. आता मी दिवसाढवळ्या बाजारात दिसले की बायका विचारायच्या, "मीनल, ईमान बंद हाय का गं?" बाबा माझ्या आधी उत्तर द्यायचे, "सुट्टी हाय तिला." त्यांनी जन्मात माझ्यासाठी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला ते सहन व्हायचं नाही.

मशीनचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस माझी त्याच्याशी मारामारी चालली होती. मास्कमधून हवा डोळ्यांत जायची. नाकावर लाल वळ उठायचा. सकाळी उठावं तर पट्टा माझ्याच हातात, झोपेत काढून टाकलेला. मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, मी किती तास ते लावलं हे त्याच्यात नोंदलं जातं. तेच कार्ड मेडिकलवाले बघणार होते. म्हणजे झोपेतही माझी परीक्षा चालू. त्या धास्तीने झोप यायची नाही, आणि झोप नाही म्हणून तास भरायचे नाहीत.

ओवीने एकदा मास्क हातात घेऊन नीट बघितला. "आई, तू विमानात पण हाच लावतेस?"

"नाही गं. तो वेगळा. आणि तो झोपायला नसतो."

"मग तू हा लावून झोपेत कुठे जातेस?"

महिन्याभरात मी पहिल्यांदा खळखळून हसले.

सोळाव्या दिवशी मी मशीन पिशवीत घालून हॉस्पिटलात गेले, परत द्यायचं म्हणून. डॉक्टर नव्हत्या. करुणाताईंनी मास्क माझ्या तोंडावर धरून बघितला आणि कपाळावर हात मारला. "ह्यो बाप्याचा साईज दिलाय तुमाला. नाक बघा तुमचा केवढासा." त्यांनी आतून दुसरा आणला, नुसता नाकपुड्यांना टेकणारा. स्वतःच्या डोक्याला पट्टा बांधून कसा लावायचा ते दाखवलं. "आता आठ दिस लावा. नाय जमला तर माजं नाव सांगा."

जमलं. तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी उठले, तर डोकं हलकं होतं. कधी नाही ते चहाच्या आधी मी खिडकी उघडली. आठ वर्षांत मला कधी असं वाटलं नव्हतं, आणि वाटलं नव्हतं हेही मला माहीत नव्हतं.

*

मी सावरत होते आणि संदीप ढासळत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओवीवर उगाच खेकसणं. एका दुपारी तो कॉलेजातून लवकर आला. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा असताना त्याला डुलकी लागली होती आणि हातातला खडू पडला होता. मुलं हसली होती.

"आता तर मी घोरत नाही," मी म्हटलं. "आता का झोपत नाहीस?"

तो पलंगावर बसला. "म्हणूनच," तो म्हणाला. "पाच वर्षं तुझा आवाज बंद झाला की मला जाग यायची. आता आवाज येतच नाही. मी सारखा जागा होतो आणि बघत बसतो, श्वास चालू आहे ना."

मी पडदे ओढले, मशीन लावलं, आडवी झाले आणि त्याचा हात घेऊन नळीवर ठेवला. श्वास आत-बाहेर होताना नळी किंचित थरथरते. ते हाताला कळतं. तो दोन तास झोपला. पुढचे कितीतरी दिवस त्याचा हात त्या नळीवर असायचा.

त्याच आठवड्यात कॅप्टन माथुरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, "एक बात बतानी थी. तुम्हारी जगह मैं होता, तो शायद नहीं लिखता." मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्यांनी दिली नाही. "बस, इतना ही," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या तीन महिन्यांत माझ्याशी इतकं खरं दुसरं कुणी बोललं नव्हतं.

*

जागं राहण्याची चाचणी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात होती. ऐकायला सोपी वाटते. अंधुक उजेडाच्या खोलीत आरामात टेकून बसायचं आणि चाळीस मिनिटं झोपायचं नाही. पुस्तक नाही, फोन नाही, गुणगुणायचं नाही, स्वतःला चिमटा काढायचा नाही. दिवसात अशा चार बैठका, दोन-दोन तासांच्या अंतराने. डोक्याला वायरी. त्या दिवशी चहा-कॉफी बंद.

पहिली बैठक पार पडली. दुसरीही. संदीप बाहेर बाकावर बसून होता. मधल्या वेळात तो मला जिन्यावरून वर-खाली चालवायचा.

तिसरी जेवणानंतरची. खोली गार होती, खुर्ची मऊ होती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग भिंतीवरचा दिव्याचा पट्टा पुढे-मागे व्हायला लागला. मी मनात विमान सुरू केलं. बॅटरी, इंजिन, दरवाजे, एकेक यादी म्हणत गेले. धावपट्टीवर आले. उड्डाण केलं. समुद्रावर आले आणि पुढची ओळ आठवेना. यादीत पुढे काय आहे? मी मागे गेले, पुन्हा समुद्रावर आले, पुन्हा तिथेच अडकले. पापण्यांना कुणीतरी वजनं बांधली होती. हे झोपेचं आहे की भीतीचं, तेही कळेना. आता मी जागी आहे का? बाबांनाही वाटतच होतं की ते जागे आहेत.

दार उघडलं. "झालं मॅडम," टेक्निशियन म्हणाला.

"मी झोपले का?"

"आम्हाला सांगता येत नाही."

"फक्त हो की नाही एवढंच सांगा."

त्याने मान हलवली आणि वायरी तपासायला लागला. बाहेर येऊन मी संदीपला म्हटलं, "गेलं. तिसऱ्यात गेलं." तो म्हणाला, "तुला माहीत नाही ना नक्की?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग चौथी दे." मी चौथी दिली. ती कशी गेली ते मला आठवत नाही.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली. युनिफॉर्म इस्त्री करून टांगला, मग उगाच अपशकुन नको म्हणून पुन्हा घडी करून आत ठेवला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी ठेवला.

रिपोर्ट आला. चारही बैठकांत मी जागी होते. तिसऱ्यातही, चाळीसच्या चाळीस मिनिटं. मी तो कागद डॉ. जोगळेकरांच्या टेबलावर ठेवून म्हटलं, "मला तर वाटलं होतं मी झोपले." त्या म्हणाल्या, "आधी झोपत होतात तेव्हा जागी आहे असं वाटायचं. आता उलटं झालंय. हे बरं."

*

पुन्हा मेडिकल, पुन्हा तेच डॉक्टर. त्यांच्या शेजारी आणखी दोघं होते. कार्डवरच्या नोंदींचा छापील गठ्ठा ते उलटत होते.

"सुरुवातीला मशीन लावलेलं दिसत नाही."

"पहिले पंधरा दिवस जमलं नाही सर. मास्क चुकीच्या मापाचा होता. नंतर एकही दिवस चुकला नाही."

तिघं हळू आवाजात बोलले. मला बाहेर बसवलं. पाऊण तास गेला. मला आत बोलावलं तेव्हा वयस्क डॉक्टरांनी कागद आधी माझ्याकडे फिरवला, मग बोलले. फिट होते मी. अटी होत्या. मशीन कायम वापरायचं, मुक्कामाला जाताना सोबत न्यायचं, दर सहा महिन्यांनी नोंदी दाखवायच्या. आणि पुढचा निर्णय होईपर्यंत फक्त को-पायलट म्हणून उडायचं.

म्हणजे कोर्स गेला. माझ्या बॅचचे सगळे त्या वर्षी डाव्या सीटवर गेले. मला आणखी अडीच वर्षं लागली. हे मी लपवणार नाही, कारण खरं लिहिलं की सगळं गोड होतं, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी घरी येऊन मी आनंदाने रडले आणि त्याच रडण्यात गेलेल्या कोर्सचंही रडून घेतलं. बाबांनी अजूनही तपासणी करून घेतलेली नाही. दर भेटीत आमचं त्यावरून वाजतं.

*

परत उडायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हैदराबादला मुक्काम पडला. मशीन काळ्या पिशवीत घालून मी विमानतळावर आले. सुरक्षा तपासणीत पिशवी अडवली. नळी, मास्क, डबा, काय आहे ते स्क्रीनवर कळत नव्हतं. मागे आमचा सगळा क्रू रांगेत उभा.

"मैडम, ये क्या है?"

सामान आहे, असं म्हणून पुढे सरकता आलं असतं. मी जिपर उघडली. "साँस की मशीन है. नींद में मेरी साँस रुकती है."

मागच्या सगळ्यांनी ते ऐकलं. जवानाने पिशवी पुन्हा बंद करून दिली आणि मला पुढे जायला सांगितलं.

त्या दिवशीचे कॅप्टन घाटगे होते, कोल्हापूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, भारदस्त. विमानात त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. हैदराबादला उतरून हॉटेलच्या गाडीत बसलो. बाकीचे मागच्या सीटवर होते, आम्ही दोघं पुढे. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते तुमचं मशीन. आवाज करतं का?"

"पंख्याहून कमी."

"आणि मेडिकलला सांगितलंत तुम्ही?"

"हो."

"काय केलं त्यांनी?"

मी सगळं सांगितलं. तीन महिने, कार्ड, चार बैठका, अटी, गेलेला कोर्स, काही वगळलं नाही. ते ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "माझं मेडिकल पुढच्या महिन्यात आहे."

मी म्हटलं, "घरी वहिनींना विचारून बघितलंत का, झोपेत काय होतं ते?"

"तिला काय विचारायचं?" ते म्हणाले. "ती कधीपासूनच लेकीच्या खोलीत झोपते."

गाडी हॉटेलच्या दारात थांबली. मी उतरून पिशवीला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी ती उचलली. क्षणभर हातात तोलून बघितली.

"फार जड नाही हो," ते म्हणाले, आणि ती घेऊन माझ्यापुढे चालू लागले.